नाताळच्या झाडावरची म्हैस

हस्तकलेशी माझा संबंध वहीला कव्हर घालण्यापुरता. शाळेत आयुष्यभर इतिहास शिकवला. फळ्यावर काढलेला प्रतापगड पुरंदरसारखा दिसायचा आणि पुरंदर डब्यासारखा. (मुलं सज्जन होती, हसायची नाहीत.) तरीही निवृत्त झाल्यापासून वसईतल्या आमच्या वाडीत नाताळच्या आधीचा आगमनकाळ लागला की रविवारी दुपारी पडवीत पोरं जमतात आणि आम्ही नाताळच्या झाडाला टांगायचे प्राणी करतो. सगळी काही ख्रिस्ती नसतात. वाडीतली कुपारी ख्रिस्ती पोरं आहेत, पलीकडच्या इमारतीतली गणपती-दिवाळीवाली आहेत, पाचूबंदरच्या कोळीवाड्यातून आजीकडे आलेली बहीणभावंडं आहेत. प्राणीच का, असं लोक विचारतात. देवदूत करायला घेतले की सोनेरी रंगावरून मारामारी होते, आणि प्राणी मात्र प्रत्येकाला वेगळा हवा असतो, एवढंच त्याचं कारण. मुलं यातून काय शिकली ते त्यांचं त्यांना ठाऊक. मला जे कळत गेलं ते सांगते. आकडे घातलेत ते मास्तरकीच्या सवयीने. पहिला मुद्दा मोठा आणि शेवटचा छोटा, असा त्यांचा अर्थ नाही.

१. जे कधी पाहिलेलं नाही ते चटकन जमतं.
मुलांना मोकळं सोडलं की कागदावर काय उतरणार हे ठरलेलं: रेनडिअर, पेंग्विन, पांढरं अस्वल. वसईत यातलं एकही जनावर कुणी पाहिलेलं नाही, आणि म्हणूनच ती सोपी जातात. तपकिरी तोंड, लाल नाक, डोक्यावर दोन फांद्या, झाला रेनडिअर. कार्डावरचं चित्र आणि मुलाचा हात यांच्यामध्ये खऱ्या जनावराची लुडबुड नसते. सगळ्यांचे रेनडिअर एका रांगेत ठेवले तर मागे नाव लिहिल्याशिवाय कुणाचा कुठला ते कळत नाही. मग मी म्हणते, आता म्हैस करा. वसईच्या पूर्वेला तबेले आहेत. म्हशी आडव्या आल्या म्हणून शाळेची रिक्षा अडकते, हे उशिराचं कारण मी वर्गात कितीदा ऐकलंय. म्हणजे म्हैस सगळ्यांच्या ओळखीची. आणि तिथेच हात थांबतात. शिंगं नक्की कुठून निघतात? कान शिंगांच्या वर की खाली? पोरं माझ्याकडे बघतात आणि मी चष्मा पुसायला घेते. जन्मभर म्हशीचं दूध प्यायले, पण मलाही सांगता येईना. शेवटी सगळी वरात तबेल्यावर गेली. तबेलेवाल्याला आधी वाटलं, दुधातलं पाणी तपासायला आलोत. मुऱ्हा म्हशीची शिंगं जिलबीसारखी आत वळतात आणि कान त्यांच्या खाली आडवे पडतात, हे मी साठी उलटल्यावर बघितलं. परतल्यावर केलेल्या म्हशींत एकीसारखी दुसरी नव्हती. एक बसलेली, एक रवंथ करणारी, एक पाठीवर बगळा घेतलेली. एकीच्या शेपटीला शेण लागलेलं होतं. ते शेण रंगवायला त्या मुलीने जेवढा वेळ घेतला तेवढ्यात सहा रेनडिअर झाले असते.

२. गोठ्यातली जनावरं आपण समजतो तिथून आलेली नाहीत.
"टीचर, म्हैस चालेल का? बायबलात आहे?" असा प्रश्न आलाच. अशा प्रश्नाला इतिहासाच्या शिक्षिकेने तोंडाने उत्तर देऊ नये, पुस्तक काढावं. २०२०च्या उस्मानाबादच्या साहित्य संमेलनाचे अध्यक्ष झालेले आमच्या वसईचे फादर फ्रान्सिस दिब्रिटो, त्यांचं 'सुबोध बायबल' घरात आहेच. मुलांना घेऊन लूक आणि मत्तय यांच्या शुभवर्तमानातला येशूजन्माचा भाग वाचला. लूकमध्ये गव्हाणी आहे, मेंढपाळ आहेत, त्यांचा कळप रानात आहे. गाय नाही, बैल नाही, गाढव नाही. मत्तयमध्ये पूर्वेकडचे ज्ञानी येतात, पण ते उंटावरून आले असं कुठे म्हटलेलं नाही. दर नाताळला ते वाचन मिस्सेत ऐकत आलेय, आणि दर वेळी माझ्या कानांनी त्यात गाय-गाढव स्वतःच घालून घेतलं होतं. बैल आणि गाढव आले ते जुन्या करारातल्या यशयाच्या पुस्तकातून. तिथे पहिल्याच अध्यायात ही दोघं भेटतात. त्यांचा धागा पुढच्या लोकांनी येशूजन्माशी जोडला आणि चौथ्या शतकापासून ती दगडात कोरलेली दिसतात. मग १२२३ साली इटलीतल्या ग्रेचो नावाच्या गावात असिसीच्या संत फ्रान्सिसने नाताळच्या रात्री खरी गव्हाण मांडली, तिच्यात गवत भरलं आणि खराखुरा बैल आणि गाढव आणून उभे केले. आज घरोघर जो गोठा करतात त्याची सुरुवात तिथे धरतात. २०२३ साली त्याला आठशे वर्षं झाली. मी हे सगळं रंगात येऊन सांगितलं. मुलांनी त्यातला कामाचा भाग तेवढा उचलला: फ्रान्सिसने त्याच्या गावातली जनावरं आणली, तर आपण आपल्या गावातली आणायची. म्हैस पास.

३. लहानातल्या लहान मुलाला फक्त साप करता येतो.
पिठाचा गोळा चार वर्षांच्या मुलाच्या हाती दिला की तो पाटावर फिरवतो, आणि पाटावर फिरवलेल्या गोळ्याचा सापच होतो. हे थांबवायचा प्रयत्न करू नये. आमच्याकडे एका वर्षी झाडावर साप इतके झाले की पाहायला आलेल्या एका वयस्क मावशींनी छातीवर क्रूस केला. "अगो, नाताळच्या झाडावर साप? आदाम-एव्हेचं काय झालं ते ठाऊक नाही?" मला उत्तर सुचेना. धर्मशास्त्राच्या दृष्टीने त्यांचं म्हणणं बिनतोड होतं. तेवढ्यात सापांच्या निर्मात्याचा मोठा भाऊ म्हणाला, "मावशी, गोठ्यात साप येतातच. उंदीर असतात ना." त्याच्या आजोळी गोठ्यात धामण निघते आणि तिला कुणी मारत नाही. मावशी थोडा वेळ गप्प राहिल्या. नंतर त्यांनीच विचारलं, मग उंदीर कुठे आहेत? पुढच्या रविवारी भुईमुगाच्या टरफलांचे उंदीर झाले. सुतळीची शेपटी, टिकल्यांचे डोळे. डोळ्यांसाठी टिकलीइतकी सोयीची वस्तू अजून मला सापडलेली नाही. फेव्हिकॉल लागत नाही, आणि नजर कुठे हवी ते ठरेपर्यंत हलवता येते.

४. झाड ठरवतं, प्राणी केवढा.
चित्रांतल्या नाताळच्या झाडाच्या फांद्या कशा पुढे हात केल्यासारख्या असतात. आमच्याकडे पूर्वीपासून सुरूची फांदी आणतात. वसईच्या किनाऱ्याला सुरूचं बन आहे, सुरुची बागेचं नावच त्यावरून पडलंय. वाऱ्याने पडलेली फांदी उचलून आणायची आणि वाळू भरलेल्या डब्यात रोवायची. पण सुरू काही पाईन नव्हे. तिच्या ज्या सुया वाटतात त्या सुया नाहीत, पेरं असलेल्या बारीक हिरव्या काड्या आहेत. खरी पानं म्हणजे प्रत्येक पेरापाशी असलेले इवलेसे खवले. पेर ओढून तोडायचं, पुन्हा तसंच बसवायचं आणि समोरच्याला विचारायचं, सांग कुठे तुटलंय. हा खेळ आम्ही लहानपणी खेळलो आणि आताची पोरंही प्राणी बाजूला टाकून तोच खेळतात. अशा फांदीला जड काही टांगलं की ती सरळ जमीन गाठते. मैदा-मिठाचा हत्ती लावला तर सगळं झाड हत्तीच्या बाजूला वाकतं. करवंटीचं माकड तर विचारूच नका. करवंटीला मुळातच तीन डोळे असतात, म्हणून त्याचा चेहरा फार छान होतो, पण त्याची जागा डब्याशेजारी जमिनीवर.

म्हणून आम्ही पुठ्ठ्यावर आलो, आणि मग कळलं की या वाटेने जर्मन लोक फार आधी गेले आहेत. एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी तिकडे ड्रेस्डेन या नावाने ओळखले जाणारे पुठ्ठ्याचे छोटे प्राणी नाताळच्या झाडासाठी निघत. ओलसर पुठ्ठ्यावर ठसा दाबून दोन फुगीर बाजू काढायच्या, त्या एकमेकींना चिकटवायच्या आणि वर सोनेरी-चंदेरी चढवायचं. उंट, कोंबडे, मासे, अस्वलं, सगळं त्यात असायचं. आमच्याकडे ठसा कुठला? लग्नपत्रिकेचा जाड कागद पाण्यात भिजवायचा, वाटीच्या पालथ्या बुडावर दाबून वाळू द्यायचा, की पोट फुगतं. अशी दोन पोटं जोडली की शेळी होते. लग्नपत्रिकांवर सोनेरी ठसे आधीच असतात, त्यामुळे शेळीच्या पाठीवर कधीकधी अर्धं 'शुभविवाह' येतं. मला ते आवडतं. मुलांना त्यात काही विशेष वाटत नाही.

५. टांगलेला प्राणी तोंडावर पडतो.
आमच्या पहिल्यावहिल्या गायी झाडावर टांगल्या तेव्हा सगळ्या जमिनीवर काहीतरी हरवल्यासारख्या खाली बघत होत्या. भोक पाठीच्या मधोमध पाडलं होतं, पण डोकं, शिंगं, कान हे सगळं वजन एका टोकाला. जनावराचा तोल पाठीच्या मध्यावर नसतो, खांद्याच्या जवळपास असतो, हे भौतिकशास्त्राच्या शिक्षकाला आधी सुचलं असतं. आता आम्ही प्राणी दोन बोटांच्या चिमटीत सैल धरून बघतो. तो ज्या जागी आडवा राहील तिथे खूण करायची आणि ओला असतानाच काडीने भोक पाडायचं. वाळल्यावर पाडायला गेलात तर तुकडा पडतो, आणि तो नेमका शिंगाचाच पडतो. जिराफाला कुठेही भोक पाडा, तो उभा राहत नाही. जिराफ आम्ही सोडून दिलाय.

६. मोठ्यांचा हात लांबून ओळखू येतो.
मुलं अर्धवट झालेले प्राणी घरी नेतात आणि पुढच्या रविवारी पुरे करून आणतात. त्यांतले काही जरा जास्तच पुरे होऊन येतात. डोळे सारख्या अंतरावर, कडा कात्रीने सफाईने कापलेल्या, वर चमकी एकसारखी पसरलेली. आयांना दोष देत नाही. रविवारी संध्याकाळी घरात कात्री घेऊन बसलेलं मूल दिसलं की कुणाचाही जीव वर-खाली होतो. पण झाडाभोवती मुलं जमली की ती या सफाईदार प्राण्यांपाशी थांबत नाहीत. ज्याने केला असं म्हणतात तोही थांबत नाही. स्वतःच्या हातचा, एका पायाने लंगडा, पोटावर अंगठ्याचा ठसा असलेला प्राणी मात्र मूल गर्दीतून बरोबर शोधून काढतं आणि आल्यागेल्याला दाखवतं. एकदा एका वडिलांनी मुलाचं कासव घरी नीट करून दिलं होतं. मुलगा मला हळूच म्हणाला, "टीचर, हे पप्पांचं कासव आहे. त्यांना सांगू नका हां, पण मी दुसरं करतो." दोन्ही कासवं झाडावर लागली. वडील येऊन बघून गेले आणि खूश होते.

७. दिवाळीचा किल्ला नाताळपर्यंत टिकतो.
इमारतीतल्या पोरांनी दिवाळीत किल्ला केलेला असतो. दिवाळी झाली की किल्ला मोडतो, पण चित्रं टाकवत नाहीत. मावळे, तोफ, विहिरीवरची बाई, आणि किल्ल्याखालच्या गुहेतला मातीचा वाघ. डिसेंबरात ही सगळी मंडळी पिशवीतून माझ्या पडवीत येतात. पहिल्यांदा मी बिचकले. गोठ्यात वाघ? मुलांनी सहज तोडगा काढला. वाघाला झाडाच्या शेंड्याजवळ बसवलं, म्हणजे तो राखण करणार आणि मेंढ्या खालच्या फांदीवर सुरक्षित. मावळ्यांच्या हातातल्या तलवारींना कापूस गुंडाळला, त्यांचे मेंढपाळ झाले. पगड्या तशाच राहू दिल्या, डोंगरात थंडी असतेच. या सगळ्यात मी काय करायचं होतं तर गप्प बसायचं, आणि शिक्षकाला त्याहून अवघड काही नाही. किल्ल्यावर अळीव किंवा मोहरी पेरून हिरवळ आणतात, तशीच आम्ही गोठ्याभोवती नाचणी पेरतो. हे साम्य मला मोठं वाटलं. मुलांना ते इतकं उघड होतं की त्यांनी मान वर करूनही बघितलं नाही.

८. सांताक्लॉजच्या गाडीला बहुधा बायकाच जुंपलेल्या असतात.
हे मी गंमत म्हणून सांगते आणि मुलींना फार आवडतं. रेनडिअरमध्ये नर आणि मादी दोघांनाही शिंगं असतात. नरांची हिवाळ्याच्या सुरुवातीला गळतात आणि माद्यांची वसंतात पिल्लं होईपर्यंत टिकतात. मग २५ डिसेंबरला डोक्यावर शिंगं असलेला रेनडिअर कोण? आठ रेनडिअर १८२३ साली अमेरिकेत छापल्या गेलेल्या एका कवितेतून आले, आणि लाल नाकाचा नववा, रुडॉल्फ, १९३९ साली शिकागोच्या एका मोठ्या दुकानाने गिऱ्हाइकांच्या मुलांना वाटायला काढलेल्या पुस्तिकेतून. ही माहिती ऐकल्यावर आमच्याकडच्या रेनडिअरांना कुडी आणि नथ आली. मुलगे थोडे नाराज झाले आणि त्यांनी बोकड करायला घेतले.

९. बोकड गवताचाच हवा.
स्वीडनमध्ये नाताळला पेंढ्याचा बोकड करून त्याला लाल फीत बांधायची जुनी रीत आहे. येव्ले नावाच्या शहरात तर १९६६पासून चौकात तेरा मीटर उंचीचा बोकड उभारतात. आणि तो कुणीतरी येऊन जाळतं. पहिल्याच वर्षी ३१ डिसेंबरच्या रात्री जळला, पुढेही अनेकदा जळला. पहारा बसवला, कॅमेरे लावले, तरी जळतो. मला वाटलं मुलं हळहळतील. मुलं म्हणाली, "म्हणजे त्यांचा म्हातारा!" आमच्याकडेही ३१ डिसेंबरच्या रात्री पेंढा आणि जुने कपडे घालून केलेला म्हातारा जाळतात, सरलेलं वर्ष म्हणून. स्वीडनच्या पोलिसांना जो गुन्हा वाटतो तो आमच्या पोरांना विधी वाटला. मी बरंच समजावलं, फार उपयोग झाला नाही.

बोकडाचं तंत्र मात्र स्वीडिश आणि चांगलं आहे. भाताचा पेंढा कोरडा वळवला तर मोडतो, म्हणून तो आधी तासभर कोमट पाण्यात ठेवायचा. एक जुडी मधोमध दुमडली की मान आणि अंग, दोन जुड्या पायांना, आणि शिंगांसाठी लांब काड्यांची वेणी. सगळं लाल दोऱ्याने घट्ट बांधायचं. पेंढ्यात दाणे राहिले तर पाखरं येतात. २०२३ साली येव्लेच्या बोकडाला आगीने नाही, पण कावळ्यांच्या एका जातीने टोचून टोचून भुंडा केला, कारण त्या वर्षीच्या पेंढ्यात दाणे जास्त राहिले होते. आमच्या पडवीतल्या बोकडांना चिमण्यांनी हेच केलं. तेव्हापासून एक बोकड मुद्दाम दाण्यांसकट करून बाहेर पेरूला टांगतो.

१०. काही दागिने आधीच झालेले असतात.
एका मुलाला प्राणी करायचा कंटाळा. दर रविवारी येतो, खातो, इतरांना सूचना देतो. एकदा आला तो शिंदीच्या झाडाखाली पडलेलं सुगरणीचं रिकामं घरटं घेऊन. म्हणाला, "हे लावा. माझं काम झालं." मला हसू आलं, पण झाडावर ते घरटं लागलं आणि आमचे सगळे प्राणी त्याच्यापुढे बापुडे दिसायला लागले. सुगरण पावसाळ्यात घरटी विणते, हिवाळ्यापर्यंत ती ओस पडतात आणि वाऱ्याने खाली येतात. विणणारा नर असतो. तो अर्धं घरटं विणून थांबतो, मादी येऊन बघते, पसंत पडलं तरच पुढचं विणतो. मुलांनी घरट्यात बोट घातलं तर आत वाळलेल्या चिखलाचे गोळे लागले. नर चिखल आणून आतून थापतो. वाऱ्यात घरटं फार हेलकावू नये म्हणून तो वजन घालत असावा, असं एक अनुमान आहे. टांगलेल्या वस्तूचा तोल कसा सांभाळायचा याची आम्ही पडवीत जी खटपट करत होतो ती त्याने केव्हाच सोडवली होती. पुढे तो मुलगा काम न करणाऱ्यांत मोजला गेला नाही. पाहून आणणारा म्हणून त्याचं एक खातंच झालं: सुरूची बोंडं, मोराचं नव्हे पण कोंबड्याचं पीस, खेकड्याची कात. सुरूच्या बोंडाला चार काड्या लावल्या की साळिंदर होतं. त्याला आम्हाला दुसरं काहीच करावं लागत नाही.

११. मासेही जनावरंच.
हे मला पाचूबंदरच्या मुलीने ठणकावून सांगितलं. मी यादी करत होते, पाळीव, रानटी, पक्षी, आणि तिचं पापलेट यादीत बसेना. "पापलेट नाय तर नाताळ कसला?" पापलेटला २०२३ साली महाराष्ट्राने राज्यमासा म्हणून घोषित केलंय, आणि पहिल्या शतकांतले ख्रिस्ती लोक माशाची खूण वापरत, हे मी नंतर यादीला पुरवणी म्हणून जोडलं. तिला दोन्हींची गरज नव्हती. चॉकलेटच्या चंदेरी कागदाचं पापलेट तिने असं कापलं की शेपटीचा काप, छोटं तोंड, पोटाची गोलाई, सगळं बाजारातल्यासारखं. इतरांनी मासा म्हणून जो केला तो कुठलाच मासा नव्हता. तिच्या भावाने बोंबील केले. वलांडीवर बोंबील सुकवताना एकाचा जबडा दुसऱ्याच्या जबड्यात अडकवून जोडी करतात आणि ती जोडी दोरीवर टाकतात. त्याने कागदी बोंबलांच्या तशाच जोड्या करून फांदीवर टाकल्या. ना भोक, ना दोरा. तोल आपोआप. टांगण्याच्या शास्त्रावर आम्ही घातलेला सगळा वेळ त्या दोन बोंबलांपुढे फुकट होता.

१२. मिठाचा प्राणी पावसाळा बघत नाही.
दोन वाट्या मैदा, वाटीभर मीठ, जवळजवळ वाटीभर पाणी, हे पीठ मळून केलेले प्राणी मंद ओव्हनमध्ये दोन-तीन तास ठेवले की खडखडीत होतात. ओव्हन जास्त तापला की फुगून गाय आणि डुक्कर यांत फरक उरत नाही. पण खरी अडचण पुढे असते. मीठ हवेतलं पाणी ओढतं आणि वसईची हवा म्हणजे समुद्रच. जुलैमध्ये डबा उघडला तर मेंढ्या एकमेकींत मिसळून गेलेल्या असतात. व्हार्निशचे दोन हात दिले तर निदान एक पावसाळा निघतो. आणि एक गोष्ट गंभीरपणे सांगते: घरात कुत्रा असेल तर हे पीठ, कच्चं किंवा भाजलेलं, त्याच्या तोंडी लागू देऊ नका. एवढं मीठ पोटात गेलं तर कुत्रा दगावू शकतो. आम्ही मिठाचे प्राणी मोजके करतो आणि उंच टांगतो. लहानांना ते करू देतो, कारण पीठ मळायला मिळणं हाच त्यांच्या लेखी नाताळ.

१३. प्राणी परत द्यायचे असतात.
६ जानेवारीला तीन राजांचा सण झाला की झाड उतरवतो. सुरुवातीला मला वाटायचं, छान छान निवडून एका पेटीत ठेवावेत, म्हणजे पुढच्या वर्षी झाड भरलेलं दिसेल. आता ठेवत नाही. ज्याचा प्राणी त्याच्या हाती. काही शाळेच्या दप्तराला लटकतात, काही मोटारसायकलच्या किल्लीला, एक म्हैस तबेल्यातच दिली. ती दुधाच्या हिशेबाच्या वहीशेजारी खिळ्याला टांगलेली आहे. आणि डिसेंबरात झाड पुन्हा रिकामं असतं, त्यामुळे मुलांना यावंच लागतं.

तुमच्याकडे तबेला नसेल, सुरू नसेल, कदाचित नाताळही नसेल. खारी असतील, पारवे असतील, जिन्याखालचं मांजर असेल. कधी सुरू करायचं ते तेवढं सांगते. आगमनकाळाचा पहिला रविवार २७ नोव्हेंबर ते ३ डिसेंबर यांच्या मध्ये येतो. लग्नपत्रिका आणि भुईमुगाची टरफलं त्याआधीच बाजूला ठेवायला लागा, आणि नाचणी नाताळच्या निदान दोन आठवडे आधी पेरा, नाहीतर जनावरं येतील आणि चारा नसेल.